पहिलवानाचे पाय : जुन्या अमेरिकन मोटारींना नवें सस्पेन्शन

वडिलोपार्जित वस्तु वांट्यास आली म्हणजे घरांत दोन मतें उभीं राहतात. एक भाऊ म्हणतो, वडिलांनीं जशी ठेवली तशीच ती ठेवावी. तिचा एक खिळाहि हलवूं नये. दुसरा म्हणतो, वस्तु वापरण्यासाठीं असते. वापरतां येत नसेल तर ती जपली काय आणि मोडीत काढली काय, सारखेंच. जुना वाडा असो कीं आजीचें शिसवी कपाट असो, हा वाद आपणांपैकीं बहुतेकांनीं आपल्या घरीं ऐकलेला आहे. आज आम्ही वाचकांपुढें ज्या वस्तूचा वाद मांडणार आहों, ती मात्र आपल्याकडील नव्हे. ती अमेरिकेंतील आहे, तिला चार चाकें आहेत, आणि तिच्या बाबतींत निर्णय चुकला तर नुसती वस्तु बिघडून भागत नाहीं; तींत बसलेल्या माणसांच्या जिवावर बेततें.

ती वस्तु म्हणजे तेथील 'मसल-कार'. मसल म्हणजे स्नायु. तेव्हां हिला आपण पहिलवानी मोटार म्हणूं. १९६४ च्या हंगामासाठीं पॉन्टिॲक कारखान्यानें आपल्या टेम्पेस्ट नांवाच्या मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घन इंचांचें, आठ सिलिंडरांचें मोठें एंजिन बसवून तिला 'जी. टी. ओ.' असें नांव दिलें; तेथून या मोटारींचा काळ सुरू झाला असें सामान्यतः मानतात. १९६४ च्या १७ एप्रिल रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत फोर्डची मस्टँग लोकांपुढें आली. ती अंगानें लहान, पण वृत्तीनें त्याच घराण्यांतली. मागोमाग शेव्हरोलेच्या शेव्हेल व कॅमॅरो, डॉजची चार्जर अशी रांगच लागली. युक्ति सर्वांची एकच : बेताच्या किंमतीची, बेताच्या अंगाची गाडी घ्यावयाची आणि तींत दांडगें एंजिन बसवावयाचें. १९७० नंतर हवा शुद्ध राखण्याचे कायदे, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ सालची तेलटंचाई या तिहींनीं मिळून तो खेळ संपविला. ज्यांनीं पंचविशींत या गाड्या घेतल्या ते आज ऐंशीच्या घरांत आहेत किंवा निवर्तले आहेत. गाड्या मुलानातवंडांच्या हातीं येत आहेत. वादाचें मूळ तेथें आहे.

आपल्याकडे तालमींतला वस्ताद नव्या पोराच्या दंडाकडे आधीं पाहत नाहीं, पायांकडे पाहतो. पाय पक्के नसतील तर अंगांतलें बळ त्यालाच पाडतें. या मोटारींची गत नेमकी अशीच आहे. दंड भरलेले, पाय कच्चे. एंजिनाचें बळ आजच्या अनेक गाड्यांना लाजवील असें. परंतु वळण आलें कीं गाडी एका अंगावर कलंडते, खड्डा आला कीं मागचा भाग बाजूस उडी मारतो, आणि सुकाणूचें चाक जरा फिरविलें तरी गाडीला तें कळण्यास वेळ लागतो.

याचा अर्थ त्या काळचे अमेरिकन इंजिनिअर अडाणी होते असा मात्र नव्हे. मॉरिस ऑली नांवाचा इंग्रज इंजिनिअर १९३० सालीं रोल्स-रॉइस सोडून जनरल मोटर्सकडे गेला, आणि गाडी हेलकावे कसे खाते याचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यानें तेथें केला. खड्डा पुढच्या चाकांना आधीं लागतो, मागच्यांना क्षणभरानें. म्हणून मागच्या स्प्रिंगांचा हेलकावा पुढच्यांपेक्षां किंचित् जलद ठेवावा, म्हणजे मागची बाजू पुढचीला गांठते आणि गाडी नावेसारखी डुलत नाहीं, हें तत्त्व त्याचेंच. ज्ञान होतें, पण गिऱ्हाइकाची मागणी निराळी होती. १९५६ च्या कायद्यानें देशभर सरळ, रुंद महामार्ग बांधण्यास प्रारंभ झाला होता. तरुणांची आवडती शर्यत पाव मैलाची, आणि तीहि नाकासमोर. घरच्या मंडळींना गादीसारखी मऊ बैठक हवी, आणि किंमत तर वाढतां कामा नये. अशा मागण्यांत वळणाचा विचार शेवटीं राहिला.

आतां हें सस्पेन्शन करतें तरी काय, तें थोडक्यांत पाहूं. बिनकमानीच्या बैलगाडींतून जो कच्च्या रस्त्यानें गेला असेल आणि मग टांग्यांत बसला असेल, त्याला स्प्रिंगेचें काम समजावून सांगावयास नको. खड्ड्याचा धक्का ती पोटांत घेते. परंतु स्प्रिंगेला एक खोड आहे : घेतलेला धक्का ती परत करते, आणि गाडी पुनःपुन्हा उसळत राहते. ती उसळी मारण्यासाठीं शॉक-ॲब्सॉर्बर असतो. त्यांत दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि उसळीचें रूपांतर उष्णतेंत होतें. तिसरा घटक म्हणजे चाकाला सांगाड्याशीं जोडणारे दांडे. चाक वर-खालीं होतांना तें रस्त्यावर ताठ उभें राहील कीं तिरपें होईल, हें हे दांडे ठरवितात. स्प्रिंग भार धरते, शॉक-ॲब्सॉर्बर तिला आवरतो, आणि दांडे चाकाला वळण लावतात. सामान्य मनुष्य पहिल्या दोहोंकडेच पाहतो. या जुन्या गाड्यांचें खरें दुखणें बहुधा तिसऱ्यांत असतें.

तें कसें, पाहा. गाडी वळूं लागली कीं तिचें अंग बाहेरच्या बाजूस झुकतें आणि सगळा भार बाहेरच्या चाकावर येतो. अशा वेळीं त्या चाकाचा माथा किंचित् आंत ओढला गेला, तर टायरचा तळ रस्त्यावर सपाट टेकलेला राहतो. शेव्हेल, जी. टी. ओ. आदि गाड्यांत पुढच्या चाकाचा उभा भाग बुटका आणि वरच्या दांड्याचा उतार असा, कीं चाक वर जातांना माथा आंत येण्याऐवजीं बाहेर जातो. परिणामीं टायर आपल्या बाहेरच्या कडेवर चालतो. त्या काळचे टायर तिरप्या धाग्यांच्या विणीचे असत. त्यांना हें कसेंबसें चालून जाई. पुढें रेडियल टायर आले. अमेरिकन गाड्यांपैकीं १९७० च्या लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क-३ ला ते प्रथम कारखान्यांतूनच नेहमींचे म्हणून मिळाले. त्यांची पकड कितीतरी अधिक, पण अट एकच : तळ सपाट टेकला पाहिजे. आज या गाड्यांना बहुधा रेडियल टायरच घालतात. म्हणजे नव्या चपला, पण चाल जुनीच, असा प्रकार होतो.

यावर उपाय काय, हें दाखविणारें सर्वांत बोलकें उदाहरण त्याच काळांतलें आहे. कॅरोल शेल्बी हा नामांकित शर्यतपटु. १९६५ सालीं त्यानें मस्टँग घेऊन तिची जी. टी. ३५० ही शर्यतीस योग्य आवृत्ति काढली. पुढच्या वरच्या दांड्याचें आंतलें बूड जेथें सांगाड्याला पेंचांनीं बसविलेलें असतें, तेथून तें त्यानें अवघें एक इंच खालीं आणविलें. ही भूमिति फोर्डच्याच क्लाऊस आर्निंग नांवाच्या इंजिनिअरनें मांडलेली होती. दर बाजूस दोन नवीं भोकें पाडावयाचीं, एवढेंच काम. परंतु त्या एका इंचानें चाक वर जातांना माथा आंत येऊं लागला, वळणांत गाडीचें झुकणें कमी झालें, आणि तीच स्प्रिंग, तेंच वजन असतांना पुढच्या टायरांची पकड वाढली. शेल्बीनें सोबत जाड अँटी-रोल बार आणि चांगले शॉक-ॲब्सॉर्बरहि घातले. पण आजहि जुन्या मस्टँगचे मालक पहिलें काम करतात तें हें भोकांचें. आम्हांस या गोष्टींतलें तात्पर्य फार मोलाचें वाटतें : सुधारणा म्हणजे कडकपणा नव्हे. योग्य जागा सांपडली म्हणजे एक इंचहि पुरतो.

हें ध्यानांत न घेतल्यामुळें ज्या चुका होतात त्या ठराविक आहेत. पहिली चूक स्प्रिंग कापण्याची. गाडी खालीं बसलेली दिसावी म्हणून वेटोळ्याच्या स्प्रिंगेचा एखादा वेढा कापून टाकतात. आठ कामकरी वेढ्यांतून एक गेला तर स्प्रिंगेचा ताठरपणा आठास सात या प्रमाणांत, म्हणजे शेंकडा चौदानें वाढतो. परंतु चाकाला वर जाण्यास जागा त्याहून कितीतरी अधिक प्रमाणांत कमी होते, आणि प्रत्येक खड्ड्यांत गाडी रबराच्या ठोकळ्यावर आदळते. त्यांतून ती ज्योतीनें तापवून कापली तर पोलादाचें पाणीच उतरतें. दुसरी चूक, स्प्रिंगा अतिशय ताठ बसविण्याची. रस्ता आरशासारखा असेल तर ठीक. एऱ्हवीं ताठ स्प्रिंगेवरचें चाक उंचवट्यावरून उडतें, आणि हवेंतल्या चाकाला पकड कसली? तिसरी चूक, मागच्या बाजूसच अँटी-रोल बार घालण्याची. हा दांडा डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचें झुकणें आवरतो. पण तो एकट्या मागेंच जाड बसविला तर ओल्या वळणावर गाडीची शेपटी सुटते. चवथी चूक बुशांची. दांड्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. पन्नास-साठ वर्षांत त्यांचें लाकूड होतें, म्हणून ते बदललेच पाहिजेत. पण त्यांच्या जागीं सरसकट पॉलियुरेथेनचे टणक बुश बसविले तर जो सांधा दोन दिशांनीं पिळावा लागतो, जसा शेव्हेलच्या मागच्या चार दांड्यांचा, तो अडकतो. शिवाय ग्रीस न मिळाल्यास असे बुश जुन्या दारासारखे कुरकुरतात.

शॉक-ॲब्सॉर्बरच्या बाबतींत मात्र नवें तें निःसंशय चांगलें. जुन्या जातींत तेल आणि हवा एकाच नळींत राहत. ताक घुसळल्यावर जसा फेंस येतो तसा खडबडीत रस्त्यावर त्या तेलाला फेंस येई, आणि फेंसाला दट्ट्या अडविण्याचें बळ नसतें. नव्या एकनळी जातींत दाबाखालचा वायु सरकत्या पडद्यानें तेलापासून वेगळा ठेवलेला असतो; तेल शुद्ध राहतें आणि काम शेवटपर्यंत सारखें होतें. याच्याच भोंवतीं स्प्रिंग गुंफून 'कॉइल-ओव्हर' करतात. त्यांत गाडीची उंची पेंच फिरवून कमी-अधिक करतां येते, ही मोठी सोय. परंतु ज्या ठिकाणीं पूर्वीं नुसता शॉक-ॲब्सॉर्बर टांगलेला होता तें ठिकाण गाडीचा भार पेलण्यासाठीं बांधलेलें नसतें. तेथें मजबुती न करतां कॉइल-ओव्हर टांगणें म्हणजे खुंटीला झोपाळा बांधण्यासारखें आहे.

यावरून सांगाड्याचा प्रश्न निघतो. मस्टँगला स्वतंत्र लोखंडी चौकट नाहीं. पत्र्याची घडणच भार पेलते. तिची पुढची स्प्रिंग वरच्या दांड्यावर उभी असल्यामुळें सगळा भार एंजिनाच्या दोहों बाजूंच्या पत्र्याच्या मनोऱ्यांवर जातो. वर्षानुवर्षें धक्के खाऊन या मनोऱ्यांना चिरा पडतात व ते आंत कलूं लागतात. परदेशीं धाडावयाच्या गाड्यांना फोर्ड मनोऱ्यांना मागच्या भिंतीशीं बांधणारा एक भक्कम आडवा तुकडा लावीत असे. 'एक्सपोर्ट ब्रेस' या नांवानें तो आजहि मिळतो, आणि मस्टँगवाल्यानें तो आधीं घ्यावा. तसेंच पुढच्या व मागच्या सांगाड्यांना खालून जोडणारे दांडे बसविले म्हणजे मधला भाग पिळणें कमी होतें. जोतें खचलेल्या घराला नवीं दारें बसविलीं तर तीं दुसऱ्याच वर्षीं अडकूं लागतात. येथेंहि तोच न्याय.

मागच्या बाजूस बहुतेक सर्व गाड्यांना एकसंध आंस असतो. एका चाकाखालीं दगड आला कीं दुसरेंहि तिरपें होतें. मस्टँग व कॅमॅरो यांत हा आंस पाट्यांवर टांगलेला आहे. बिचाऱ्या पाट्यांना तीन कामें : भार धरणें, आंस जागेवर ठेवणें, आणि एंजिनाचा पीळ सोसणें. १९६७ च्या कॅमॅरोला दर बाजूस एकच पाटा होता. जोरानें निघतांना तो नागमोडी वांके आणि आंस थडथड उडे. म्हणून १९६८ सालीं एक शॉक-ॲब्सॉर्बर आंसाच्या पुढें व दुसरा मागें अशी तोड काढावी लागली. आज पाट्यांची कामें वाटून देतां येतात. आंस बाजूस सरकूं नये यासाठीं पॅनहार्ड दांडा किंवा वॅटची जुळणी बसवितात. ही जुळणी जेम्स वॅटनें १७८४ सालीं वाफेच्या एंजिनासाठीं शोधलेली. जिला आपण नवें म्हणतों ती सव्वादोनशें वर्षांहून जुनी निघावी, ही मौजच. एकसंध आंसाला हंसण्याचेंहि कारण नाहीं. मस्टँगच्या सर्व गाड्यांना स्वतंत्र मागचीं चाकें मिळालीं तीं २०१५ च्या मॉडेलपासून.

मग आरंभ कोठून करावा? आमच्या मतें क्रम असा असावा. सर्वांआधीं ब्रेक. १९६६ पर्यंतच्या मस्टँगांत चारहि चाकांच्या ब्रेकांना तेलाचा मार्ग एकच होता. कोठेंहि नळी फुटली कीं सगळे ब्रेक गेले. १९६७ पासून मार्ग दोन झाले. ही एकच सुधारणा जुन्या गाडींत केली तरी घरच्या माणसांनीं सुटकेचा श्वास टाकावा. त्यानंतर टायर, मग झिजलेले सांधे, बुश व शॉक-ॲब्सॉर्बर. त्यानंतर चाकांची जुळणी, म्हणजे व्हील अलाइनमेंट. सायकलचा पुढचा काटा जसा पुढें झुकलेला असतो व म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसा झोंक मोटारीच्या पुढच्या चाकांनाहि देतां येतो. त्याला कॅस्टर म्हणतात. हातानें वळविणें हलकें व्हावें म्हणून जुन्या कोष्टकांत तो शून्याच्या आसपास ठेवीत. रेडियल टायरांना तीन ते पांच अंश मानवतो. चाकाचा माथा सुमारें अर्धा अंश आंत, आणि दोन्ही पुढच्या टोकांत एक-अष्टमांश इंचाच्या आंतबाहेर जवळीक, एवढें साधलें कीं तीच गाडी निराळी वाटूं लागते. स्प्रिंगा, नवे दांडे, कॉइल-ओव्हर हें सर्व त्यानंतर; आणि एंजिनाचें बळ वाढविणें सर्वांत शेवटीं. बहुतेक तरुण हा क्रम नेमका उलटा धरतात.

राहिला पहिल्या भावाचा आक्षेप. इतकें केल्यावर ती वडिलांची गाडी राहिली काय? प्रश्न खरा आहे आणि हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कांहीं बदल असे आहेत कीं ते पुसतां येत नाहींत. १९७४ च्या दुसऱ्या पिढीच्या मस्टँगचा पुढचा सांगाडा जुन्या मस्टँगला लावण्याची चाल आहे; त्यासाठीं ते मनोरे कापून काढावे लागतात. कापलेला खांब पुन्हा पूर्ववत् होत नाहीं, आणि जो भार मनोरे पेलीत तो खालच्या पत्र्यावर येतो. याउलट पेंचांनीं बसणारी सुधारणा पेंचांनींच निघते. म्हणून आमचा निवाडा असा : जें उलगडतां येईल तें करावें, कापण्यापूर्वीं दहादां विचार करावा, काढलेला प्रत्येक भाग पुसून, चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा. गाडी कोणती तेंहि पाहावें. पहिल्या बारा महिन्यांत मस्टँगा चार लाखांवर खपल्या. त्यांतल्या साध्या गाडीला नवे पाय दिल्यानें इतिहासाचें कांहीं बिघडत नाहीं. १९६५ च्या जी. टी. ३५० मात्र सहाशेंहून कमी. अशी गाडी घरीं असेल तर पहिल्या भावाचेंच ऐकावें.

दुसऱ्या भावाला आमचें सांगणें एवढेंच. वडिलांनीं ही गाडी घेतली तेव्हां मुलांना मागें बसवून सुटीच्या दिवशीं दूर जावें अशीच त्यांची इच्छा असेल. ती इच्छा नातवंडांना मागें बसवून पुरी होणार असेल, तर दांडे नवे कीं जुने याची चौकशी तेहि फारशी करणार नाहींत. एंजिनाचा आवाज त्यांच्या वेळचाच राहूं द्यावा. पाय मात्र असे असावेत कीं वळण आल्यावर घरच्या कोणालाहि सीट घट्ट धरावी लागूं नये.